कागदाचा सदरा

"केवढा कागद हवाय?" दुकानदारानं विचारलं.

"दाराएवढा. दोन दारांएवढा मिळाला तर बरंच. जुना, मळका, एका बाजूनं छापलेला, कसलाही चालेल."

"एवढ्या कागदाचं करणार काय?"

भिंतीला चिकटवायचाय, असं सांगायचं ठरवून गेले होते. पण खोटं बोलायची वेळ आली की माझी जीभ नेमका दगा देते. "बंदूक तपासायचीय," असं बोलून गेले.

दुकानात तिघे-चौघे उभे होते. सगळे एकदम माझ्याकडे वळले. दुकानदार साखर पुडीत ओतत म्हणाला, "बरंय बरंय. कागदाला मारलेलं बरं. कागदाला डोळे नसतात."

एकजण फिसकन हसला. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला, पण गरज माझी होती. मी मान खाली घालून उभी राहिले. शेवटी खोक्यांभोवती गुंडाळून येतो तो खाकी कागद त्यानं पायानंच माझ्याकडे सरकवला. मी तिथंच जमिनीवर बसून त्याच्या घड्या घातल्या. येताना गवंड्याकडून सिमेंटच्या रिकाम्या पिशव्या मागून घेतल्या. त्या झटकताना नाकातोंडात धूळ गेली, आणि घरी पोचेपर्यंत माझा अवतार बघण्यासारखा झाला होता.

ह्यांनी भावावर बंदूक झाडली, असं गावभर झालं होतं. खरं काय झालं ते मला जेवढं माहीत होतं तेवढं असं. मका भरात आला होता आणि रानडुकरं रोज दिवे लागायच्या वेळेला शेतात शिरत होती. खायची ती खायची, आणि खाण्याच्या चौपट तुडवायची. त्या दिवशी हे बांधावर बंदूक घेऊन बसले आणि धाकटे भाऊजी डबा वाजवत आतून हाकत आले. दुनळी बंदूक, सासऱ्यांच्या वेळची. डुकरं उठावीत म्हणून ह्यांनी उजव्या नळीचा बार आधीच हवेत काढला होता. बाकीची पळाली. एक नर मात्र कुंपणाशी अडकला आणि उलटून भाऊजींच्या अंगावर आला. भाऊजी ह्यांच्या डाव्या हाताला उडी मारून खाली बसले. त्यांच्यात आणि डुकरात तीन-चार हातांचं अंतर पडलं, आणि ह्यांनी डाव्या नळीचा चाप ओढला. डुकराला काही झालं नाही. ते निघून गेलं. भाऊजींचा खांदा फाटला आणि डावा डोळा गेला.

यात पाप कुठं आलं? पण आदल्याच दिवशी दोघं भाऊ ओढ्याकाठच्या पट्टीवरून भांडले होते. पट्टी ती केवढी, दोन म्हशी आडव्या बसल्या तर भरेल. तरी आवाज पार रस्त्यापर्यंत गेला होता, आणि "एकदा कायमचा निकाल लावतो" हे वाक्य ह्यांच्या तोंडून गेलं होतं. माझ्या जावेनं ते ऐकलं होतं. दुसऱ्या दिवशी तिचा नवरा रक्तानं भिजून घरी आला, मग तिनं दोनात दोन मिळवले. तिला तरी काय बोलायचं?

तिनं चूल वेगळी केली. अंगणात आमच्या आणि तिच्या बाजूला मधोमध तिनं लाकडाची मोळी आडवी टाकून ठेवली. सासूबाई ती मोळी ओलांडून इकडून तिकडे जायच्या आणि दोन्हीकडे अर्ध्या पोटी उठायच्या. "माझा भाऊ रविवारी येतोय," असं जाऊ सासूबाईंना मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली. "तो आला की त्याच्याबरोबर चौकीत जाणार. मुद्दाम मारलंय म्हणून सांगणार."

मुद्दाम मारलं की नाही, ते एकाच माणसाला विचारण्यासारखं होतं. सगळ्यांनी विचारलं. सासूबाईंनी विचारलं, जावेनं तर खोदून खोदून विचारलं. भाऊजी भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. ना हो, ना नाही. कण्हणंसुद्धा नाही. माणूस असा गप्प बसला की लोक त्याच्या वतीनं बोलायला लागतात, तसंच झालं.

आणि इकडे आमचे हे. त्या दिवसापासून ह्यांचे हात थरथरायला लागले. कप धरला की बशीत चहा सांडायचा. ताटावर बसायचे, घास उचलायचे, परत ठेवायचे. मी एकदा चिडून म्हटलं, "तुम्ही धरली तरी कुठं होती बंदूक?"

"डुकरावर."

"नक्की?"

ताट बाजूला सरकवून म्हणाले, "आता आठवत नाही. सगळेच म्हणतात म्हणजे मी तिकडं धरली असेल. मनात राग होताच ना."

बाहेरच्यांनी चोर म्हणावं आणि माणसानं आपलेच खिसे चाचपायला लागावं, तसली गत. एका पहाटे अंथरुणात हे नव्हते. धावत गेले तर विहिरीच्या कठड्यावर बसले होते, दोन्ही पाय आत सोडून. मी मागून दोन्ही हातांनी कमरेला मिठी मारली आणि ओढलं. दोघंही मागं चिखलात पडलो. घरात येऊन मी त्यांचे पाय धुतले आणि विहिरीकडे जायला निमित्तच नको म्हणून तिचा दोर सोडून धान्याच्या कणगीत लपवला. तेव्हापासून पाणी नदीवरून आणत होते. दोराचं काय झालं म्हणून सासूबाईंनी विचारलं तेव्हा कुजला म्हणून सांगितलं. एवढं एक खोटं मला जमलं.

त्याच दिवशी मला कागदाची आठवण झाली. माझे वडील शिकारी होते. नवी बंदूक हातात आली की आधी भला मोठा कागद टांगायचे, मधे काळा ठिपका काढायचे आणि लांबून एकेका नळीचा बार टाकायचे. म्हणायचे, छर्रे नळीतून निघाले की पसरतात, आणि कुठं पसरतात ते फक्त कागद सांगतो. आमची बंदूक गेल्या वर्षी माळ्यावरून खाली आपटली होती. डाव्या नळीला पोचा आला होता, तो बाजारातल्या लोहाराकडून ठोकून आणला होता. घरातलं असलं काही दुरुस्तीला न्यायचं तर भाऊजीच न्यायचे, सायकल त्यांची. ठोकून आणली ती सरळ माळ्यावर गेली आणि मका आल्यावर खाली आली. नळी वाकडी असेल तर? ह्यांनी डुकरावरच धरली असेल आणि बंदुकीनंच छर्रे भलतीकडे फेकले असतील तर?

"आणि सरळ निघाली तर?" ह्यांनी विचारलं.

मी पिठाचा डबा काढला.

पिठाची खळ शिजवली. नेहमीच्या हातानं चिमूटभर मीठ पण पडलं तिच्यात. खाकी कागद आणि पिशव्या एकावर एक चिकटवून दाराएवढा तक्ता केला. पाठ मोडली. संध्याकाळी कुंपणाशी, डुक्कर अडकलं होतं त्याच जागी, दोन बांबू रोवून तो वाळायला टांगला. सकाळी जाऊन बघते तर बांबू आडवे, कागदाच्या चिंध्या, आणि चिंध्यासुद्धा चाटून पुसून चघळलेल्या. डुकरांनी खळ खाल्ली होती. मीठ घालून वाढली होती ना मी! चिखलात त्यांच्या खुरांच्या खुणा अशा दाट होत्या की पंगत उठून गेल्यासारखं दिसत होतं.

मी तिथंच बसकण मारली आणि मोठ्यानं रडले. रविवार दुसऱ्या दिवशी होता. दुकानदाराकडे परत तोंड घेऊन जायची छाती नव्हती.

"काय चाललंय ताई तुमचं?"

मागं जाऊ उभी होती. इतक्या दिवसांत माझ्याशी बोललेलं तिचं हे पहिलं वाक्य. मी नाक पुसलं आणि सगळं सांगितलं, वडिलांच्या कागदापासून डुकरांच्या पंगतीपर्यंत. विहिरीचं तेवढं सोडून.

ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "बार कोण टाकणार? दादा? ते मुद्दाम बाजूला मारतील आणि म्हणतील बंदूक वाकडी."

"त्यांच्या हातात कपसुद्धा राहत नाही. मी टाकेन."

"तुम्ही तर त्याहून पक्क्या," ती म्हणाली. "बार मी टाकणार. नेम माझा, हात माझा. सरळ गेला तर उद्याची वाट बघणार नाही, आजच चौकीत जाणार. कबूल?"

"कबूल," मी म्हटलं.

"कागद आहे माझ्याकडे."

ती शिवणकाम करते. तिच्या पेटीत गावातल्या निम्म्या लोकांची मापं कागदावर कापून ठेवलेली असतात, पाठी, बाह्या, गळे, सगळ्यांवर पेन्सिलीच्या रेघा. तिनं अख्खी पेटी अंगणात उपडी केली आणि दोघींमधली मोळी पायानं बाजूला ढकलली. सासूबाईंनी खळ शिजवली आणि तीत मूठभर लाल तिखट टाकलं. "आता खा म्हणावं मेल्यांनो," म्हणाल्या. आम्ही दोघी जमिनीवर ओणव्या होऊन चिकटवत बसलो. शिक्षिकेच्या पाठीला गवळ्याची बाही, पोस्टमनच्या छातीला कुणाच्या तरी सुनेचा गळा. तिखटानं बोटांची आग होत होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, दोघींच्याही, आणि ते तिखटाचंच आहे असं दोघीही धरून चाललो होतो.

तक्ता झाला तेव्हा तिनं पेटीच्या तळातून एक कागद काढला. सदऱ्याचं माप. खांदे रुंद, कॉलरशी दोनदा खोडून रेघ सुधारलेली.

"यांचा आहे," ती म्हणाली. "डुक्कर होतं तिथं तुम्ही ठिपका काढा. आणि हे बसले होते तिथं हा लावा. मला बघायचंय."

आम्ही तक्ता डुकराच्या जागी टांगला, वेगळे बांबू रोवले आणि त्याच्या डाव्या हाताला उभ्या माणसाच्या उंचीवर तो सदरा टांगला, भाऊजींच्या रक्तानं अजून माती काळी दिसत होती बरोबर तिथं. खळीचं पातेलं तिथंच आणून मधल्या जागेतही कागद चिकटवला आणि तक्ता नि सदरा जोडला. तव्याच्या बुडाची काजळी घेऊन मी डुकराच्या जागी परातीएवढा गोल काढला. ऊन चांगलं होतं. कागद वाळून कडक झाला आणि वाऱ्यानं फडफडायला लागला.

बघायला आम्हीच घरातले होतो. सासूबाईंनी भाऊजींना आधार देत आणून खुर्चीवर बसवलं. डोळ्यावर पट्टी, हात गळ्यात. त्यांना यायचं नव्हतं. जाऊच म्हणाली, "तुम्ही बोलत नाही तर निदान बघा." हे लांब बांधाच्या टोकाला पाठ करून बसले होते.

ह्यांनी बसून बार टाकला होता त्याच जागी आम्ही मातीनं भरलेलं पोतं ठेवलं. जाऊ पालथी पडली. खांद्याशी तिनं गोधडीची घडी घेतली. सुईत दोरा ओवायला ती अजून उजेड बघत नाही, असली नजर. कसं धरायचं ते मी एकदा सांगितलं. नळीच्या टोकाची माशी, म्हणजे नेम धरायचा बारका मणी, ठिपक्यावर बसली की श्वास धरायचा आणि चाप दाबायचा. तिला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही.

उजवी नळी आधी. बार झाला, कावळे उडाले, ती "आई गं" करून मागं सरकली. मी धावत गेले. काजळीच्या गोलाची चाळणी झाली होती. अगदी मधोमध.

"नेम बरोबर आहे तुझा," मी तिथनंच ओरडले. आता डावीही इथंच बसली तर? कागद माझा, कल्पना माझी, कबूल मी केलेलं. ह्यांना मीच चौकीत पाठवणार होते. आणि चौकीत तरी कशाला, दोर नसला म्हणून विहिरीतलं पाणी कुठं गेलं होतं? मी वडिलांना मनातल्या मनात शिव्या दिल्या, कशाला मला हे शिकवून गेलात म्हणून.

"बाजूला व्हा ताई," जाऊ म्हणाली. खांदा चोळून ती परत पालथी पडली. फार वेळ लावला तिनं. मग बार झाला.

मी ठिपक्याकडे बघितलं. नवीन भोक एकही नव्हतं.

डावीकडे वळले तर सदरा अजून हलत होता. छातीवर, पोटावर, बाहीवर, सगळीकडे भोकं. एकेका भोकातून मागचा हिरवा मका दिसत होता. कॉलरची दोनदा सुधारलेली रेघ तुटून लोंबत होती.

जाऊ बंदूक तिथंच टाकून चालत आली. तिनं सदऱ्याच्या छातीवर हात ठेवला. एका भोकात करंगळी घातली, मग दुसऱ्या. "उभे असते तर," ती म्हणाली. "खाली बसले नसते तर, ताई." आणि मग ती बांधाच्या दिशेनं पळत सुटली. ह्यांच्यासमोर जाऊन तिनं जमिनीवर डोकं टेकलं.

"दादा, चुकले मी. नळी वाकडी आहे. मी डुकरावर धरली होती आणि यांना लागलं. माझ्याच हातून लागलं असतं. तुम्ही यांना वाचवायला गेलात आणि मी तुमच्या नावानं गावभर बोंब मारली. मला काय वाटेल ते बोला."

हे उठून उभे राहिले. तिला उठवावं की नाही, त्यांना कळेना. हात नुसते हवेत थरथरत होते.

"तू पाया पडू नकोस," खुर्चीवरून आवाज आला.

भाऊजी. इतक्या दिवसांनी बोलले, म्हणून आवाज घोगरा झाला होता. "ऊठ म्हणतो ना. तू नको पडूस."

सगळे त्यांच्याकडे वळलो.

"मला ठाऊक होतं," ते म्हणाले. "लोहारानं मला सांगितलं होतं. नळी ठोकलीय, पण नीट बसलीय याची खात्री देत नाही, कागदाला दोन बार टाकून बघा आणि मगच वापरा म्हणाला. मी म्हटलं, काडतुसं काय झाडाला लागतात का कागदावर उधळायला? घरी येऊन कुणाला सांगितलंही नाही. लागलं तेव्हाच कळलं मला, पडल्या पडल्या. दादानं डुकरावर धरलेली मी बघितली होती."



"मग बोलला का नाहीस?" ह्यांनी विचारलं. रागानं नाही. खरंच कळत नाही अशा आवाजात.

"आज सांगतो, उद्या सांगतो, करत राहिलो. डोळा गेला तो माझ्याच चुकीनं, हे हिच्या तोंडावर कसं सांगू? आणि दादा, पट्टीचा रागही होता. थोडे दिवस तुला बोलू देत लोक, असं वाटलं. खोटं कशाला बोलू. मग फार उशीर झाला."

"मी विहिरीवर गेलो होतो परवा," हे म्हणाले.

भाऊजींनी मान खाली घातली. त्यांच्या खाटेपाशी खिडकी आहे. त्या खिडकीतून विहीर सरळ दिसते. हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं.

"बघितलं मी," ते म्हणाले. "हाक मारायला तोंड उघडलं होतं, दादा. आवाजच फुटला नाही. मग वहिनी पळत आली."

माझ्या हाताशी खळीचं पातेलं होतं, त्यात लाकडी डाव. तो मी कधी उचलला ते मला माहीत नाही. एक डोळा गेलेल्या, हात गळ्यात बांधलेल्या माणसावर मी धावून गेले. हा माणूस उशीवर डोकं ठेवून बघत होता! मी वेळेवर पोचले नसते तर हा तसाच बघत राहिला असता आणि नंतर सगळ्यांबरोबर रडला असता. मी तोंडाला येईल ते बोलत होते. जावेनं मला अडवलं नाही. ती बाजूला झाली.

डाव खाली येणार तेवढ्यात माझं मनगट मागून कुणीतरी धरलं.

हे होते. मी झटका दिला, हात सुटला नाही. दुसरा झटका दिला, तरी नाही. तेव्हा मी खाली बघितलं. ह्यांची बोटं माझ्या मनगटाभोवती घट्ट होती, आणि ती थरथरत नव्हती. जराही नाही.

"पुरे," हे म्हणाले. त्यांनी डाव माझ्या हातातून काढून पातेल्यात ठेवला. मग भाऊजींकडे न बघता, सगळ्यांनाच म्हणाले, "कागद उतरवा. अंधार पडला की डुकरं येतील."

जाऊ आणि मी कुंपणाकडे गेलो. ठिपक्याचा तक्ता मी सोडवला. सदरा तिनं सोडवला, छातीशी धरून त्याची घडी घातली आणि तिच्या घरात नेला. संध्याकाळी आम्ही सगळ्यांनी डबे वाजवून मका राखला, बंदूक कुणी उचलली नाही. घरी आल्यावर मी कणगीत हात घातला, दोर बाहेर काढला आणि विहिरीला परत बांधला.